एका शब्दामागे १४ हजार शब्द

अमेरिकेतल्या एमआयटीमधले संशोधक देब रॉय यांना २००५ साली मुलगा झाला. बाळ भाषा शिकतं तरी कसं, हे मुळापासून पाहायचं म्हणून त्यांनी आपल्याच घराच्या छतांत ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले. तीन वर्षं, रोज आठ-दहा तास, सगळं घर टिपलं जात होतं. जमलं काय, तर ९० हजार तासांचं चित्रण आणि १ लाख ४० हजार तासांचा आवाज. झोप-जेवण सोडून नुसता आवाज ऐकायला बसलात, तरी १६ वर्षं जातील. तोवर पोरगं दहावी पार!

त्यातलं ७० लाखांहून अधिक शब्दांचं बोलणं उतरवून काढलं गेलं. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत बाळाला शब्द आले ५०३. भागाकार करून पाहा. शिकलेल्या एकेका शब्दामागे घरात जवळपास १४ हजार शब्द खर्ची पडले. (अर्थात सगळे बाळाशी बोललेले नव्हेत. दूध संपलं, किल्ली कुठंय, हेही त्यात आलंच.) पाण्याला बाळ आधी ‘गागा’ म्हणायचं, ‘गागा’चं ‘वॉटर’ व्हायला सहा महिने लागले.

पण खरी गंमत मोठ्यांची आहे. बाळाला एखादा शब्द येण्याची वेळ जवळ आली, की तो शब्द असलेली आई-बाबांची आणि सांभाळणाऱ्या बाईंची वाक्यं आखूड होत जायची. शब्द बाळाच्या तोंडी आला, त्या सुमारास सगळ्यांत आखूड. मग हळूहळू पुन्हा लांब. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर आधी ‘ती बघ गाय कशी चरतेय’, मग ‘गाय बघ, गाय’, मग नुसतंच ‘गाय!’, आणि पोरगं ‘गाय’ म्हणालं, की ‘गाय काय खाते रे?’ असं. हे ठरवून कोणी करत नव्हतं. इतका बारीक हिशेब आपण नकळत ठेवतो, याच्यापुढे मला ते ९० हजार तास किरकोळ वाटतात.

एका घरावरून जग कसं ठरवायचं, हा प्रश्न रास्त आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ समाजांतल्या ४१० माणसांचं बाळासाठीचं आणि मोठ्यांसाठीचं बोलणं-गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. १८७ देशांतल्या ५१ हजारांवर लोकांनी ते ऐकलं आणि यातलं बाळासाठीचं कोणतं, हे ओळखायचा प्रयत्न केला. भाषा परकी असूनही त्यांचा अंदाज नुसत्या नशिबाने साधेल त्याहून खूपच जास्त वेळा बरोबर आला.

आपलं ‘मंमं’, ‘भूभू’, ‘जोजो’ तर फार आधीच अभ्यासाला गेलंय. १९६४ साली भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलीवर लेख लिहिला, त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांचा मराठी बाळबोलीवरचा स्वतंत्र लेखही आला.

तेव्हा ‘पोराशी लाडेलाडे बोलू नका’ असं कोणी दटावलं, तर मनावर घेऊ नका. ६७ प्रयोगशाळांनी मिळून २,३२९ बाळांना लाडिक आणि मोठ्यांशी बोलतो तसं साधं, अशा दोन्ही तऱ्हांचं बोलणं ऐकवून पाहिलंय. बाळांचा कौल लाडिक बोलण्यालाच पडला.