काहीच घडत नाही, तरी पुस्तक खाली का ठेववत नाही? समजून घ्या 'शांत' कादंबऱ्यांची गोष्ट

माणदेशातल्या एका लहानशा वाडीत नवा, तरुण मास्तर येतो. बंद पडलेली शाळा सुरू करतो. हळूहळू लोकांच्या अडीअडचणींत पडतो. गावाला बरोबर घेऊन तालीम बांधतो. मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात आणि शेवटी मास्तरही निघतो.

संपली कादंबरी.

स्पॉयलर दिला म्हणून चिडू नका. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपात आली. १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी तिच्यावर सिनेमाही केला. शेवट माहीत असलेले लोक आजही ती पुन्हा वाचायला घेतात. खून नाही, कट नाही, शेवटच्या पानावरचा धक्का नाही. मग लोक परत का येतात?

या प्रश्नाच्या उत्तरातच अशा कादंबऱ्यांचं सगळं गुपित आहे.

'शांत' कादंबरी म्हणजे नेमकं काय?

इन्स्टावर पुस्तकांचे रील बघत असाल, तर 'नो प्लॉट, जस्ट व्हाइब्ज' हे लेबल तुम्ही पाहिलं असेल. ऐकायला मजेशीर आहे, पण अर्धवट आहे. शांत कादंबरीत घटना असतात. फक्त त्या घटना माणसाला पुढे ढकलत नाहीत, माणूस उलगडून दाखवतात.

फरक सोपा आहे. थरारक कादंबरी वाचताना डोक्यात प्रश्न असतो, 'पुढे काय होणार?' शांत कादंबरीत प्रश्न बदलतो, 'हा माणूस असा का वागला?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकदा मिळालं की संपलं. दुसऱ्याचं उत्तर मात्र वाचणाऱ्याच्या वयाबरोबर बदलत राहतं. म्हणून स्पॉयलर इथे फारसं काही बिघडवू शकत नाही.

आणखी एक गैरसमज. शांत म्हणजे मनाला गोंजारणारी नव्हे. कॅफे, मांजर, पुस्तकांचं दुकान आणि शेवटी सगळं छान, अशा जपानी-कोरियन 'हीलिंग' कादंबऱ्या सध्या जोरात आहेत. त्यांची मजा वेगळी. शांत कादंबरी आवाज न चढवता बऱ्यापैकी अस्वस्थही करते.

मराठीत हे नवीन आहे का?

अजिबात नाही. उलट आपल्याकडे हा खजिना जुना आहे.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ सालची. दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून निघालेली एक बोट, त्यावर चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा. युद्ध सगळीकडे आहे, पण पानापानावर दिसतात ती दोन माणसं.

१९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. कथानक सांगायचं तर खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि काही न मिळवता गावी परततो. एवढंच. पण घरापासून दूर, खोलीवर राहून शिकलेल्या कुणालाही विचारा, पांडुरंग ओळखीचा निघतो.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) नववीतल्या मुकुंद जोशीची गोष्ट सांगते. काळ आणीबाणीचा, पण मुकुंदासाठी देशातली सगळ्यात मोठी बातमी म्हणजे शिरोडकर नावाच्या मुलीने आज आपल्याकडे पाहिलं की नाही. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) पुण्यातल्या एका घरात घडते. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच मुलावर भाऊ आणि बहीण दोघांचं प्रेम बसतं. तो निघून गेल्यावर दोघं आपापल्या बाजूने ते सांगतात. गौरी देशपांडे आणि सानिया यांच्या नायिका तर मोठमोठे निर्णय इतक्या शांतपणे घेतात की तो निर्णय होता, हे आपल्याला दोन पानांनंतर कळतं.

मग आज या कादंबऱ्या जास्त का भिडतात?

यासाठी खारघरचंच उदाहरण घेऊ. सिडकोने सेक्टर पाडून वसवलेलं हे उपनगर. इथली मूळ गावं सोडली, तर बहुतेक जण कुठून तरी येऊन राहिलेले. कुणी घाटावरून, कुणी कोकणातून, कुणी विदर्भातून, कुणी थेट केरळातून. लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या काकांचं आडनाव आपल्याला माहीत नसतं. पण पार्किंगवरून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तोंडपाठ असतो.

थोडक्यात, आपल्याला माणसं कमी आणि त्यांची मतं जास्त माहीत आहेत. फीडवर माणूस येतो तोच निकालासकट. हा बरोबर, ती चूक, पुढचा रील.

'बनगरवाडी'चा मास्तरही परक्या वस्तीत आलेलाच आहे. त्याला तिथे आनंदा रामोशी भेटतो, भुरट्या चोऱ्या करणारा. फीडवर असता तर आपण त्याला एका कमेंटमध्ये निकालात काढलं असतं. माडगूळकर मात्र त्याला पुन्हा पुन्हा समोर आणतात आणि 'चोर' हा शब्द अपुरा पडायला लागतो. म्हातारा कारभारी मास्तरावर आधी माया करतो, मग गैरसमजातून तोंड फिरवतो. बाहेरच्या जगासाठी ही बातमीच नाही. पण एवढ्याशा वाडीत एका माणसाने अबोला धरणं म्हणजे काय, हे वाचताना छातीवर ओझं येतं.

हे घडायला वेळ लागतो आणि तोच मुद्दा आहे. एखाद्या माणसाबद्दल आपलं मत तीनदा बदलेपर्यंत त्याच्यासोबत थांबण्याची सवय आपली सुटत चालली आहे. शांत कादंबरी ती सवय परत लावू शकते.

म्हणजे कादंबरी वाचली की माणूस चांगला होतो?

थांबा. इथे एक व्हायरल दावा तपासून घेऊ. 'साहित्य वाचल्याने सहानुभूती वाढते, विज्ञानाने सिद्ध केलंय' असे मेसेज फिरत असतात. त्यामागे बऱ्याचदा २०१३ चा एक अभ्यास असतो. डेव्हिड किड आणि इमॅन्युएले कास्टानो यांचा हा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. साहित्यिक कथांचे उतारे वाचणाऱ्यांना नुसत्या डोळ्यांच्या फोटोंवरून समोरच्याच्या भावना जास्त अचूक ओळखता आल्या, असं त्यात म्हटलं होतं.

पण २०१६ मध्ये इतर संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे दोन पानं वाचून कुणी लगेच समजूतदार होत नाही. कादंबरी औषधाची गोळी नाही. ती सराव आहे, आणि सरावाला वेळ द्यावा लागतो.

अशी पुस्तकं उशिरा का पोहोचतात?

अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. जॉन विल्यम्स यांची 'स्टोनर' १९६५ मध्ये आली. मिसुरी विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा एक साधा प्राध्यापक, त्याचं फसलेलं लग्न, ऑफिसातलं राजकारण, मृत्यू. तेव्हा जेमतेम दोन हजार प्रती खपल्या. लेखक १९९४ मध्ये वारले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी युरोपात ती हातोहात खपली आणि २०१३ मध्ये ब्रिटनच्या वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्री साखळीने तिला वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक ठरवलं.

कारण उघड आहे. 'शेवट काय आहे माहितीये का!' असं सांगून या पुस्तकांची जाहिरात करता येत नाही. एका वाचकाने दुसऱ्याच्या हातात पुस्तक ठेवून 'वाच' म्हणावं लागतं. रीलमुळे झालं तर एवढंच, की हे हात आता वाढलेत.

सुरुवात कुठून करायची?

जाड पुस्तकाची भीती वाटत असेल तर 'बनगरवाडी' किंवा 'रणांगण' घ्या, दोन्ही आकाराने लहान आहेत. शाळेचे दिवस आठवत असतील तर 'शाळा'. घर सोडून शिकायला आला असाल तर 'कोसला'.

पहिली तीस पानं फोन बाजूला ठेवून वाचा. खारघरहून सीएसएमटीला हार्बर लाइनने तासाहून जास्त वेळ लागतो. सीट मिळाली तर तेवढ्यात ती सहज होतात. सुरुवातीला 'काहीतरी होऊ दे ना' असं वाटेल, ते साहजिक आहे. तीस पानांनंतरही त्या माणसाबद्दल काहीच जाणून घ्यावंसं वाटलं नाही, तर पुस्तक खुशाल बंद करा. प्रत्येक पुस्तक प्रत्येकासाठी नसतं.

पण वाशी येईपर्यंत तो मास्तर आज रात्री जेवला की नाही, याची काळजी वाटायला लागली, तर समजा, काम झालं.