शिवलेली होडी

पळसाच्या पानाचा द्रोण तुम्ही पाहिला असेल. पान सपाट असते. परंतु त्याच्या कडा दुमडून बारीक काडीने टाचल्या, की त्याच पानाची खोलगट वाटी होते आणि तीत आमटीही राहते. सपाट वस्तूच्या कडा जोडल्या म्हणजे तिला खोली येते व ताठपणाही येतो, हे द्रोण लावणाऱ्या हातांना पक्के ठाऊक असते. लाकडी होडीही याच रीतीने, आणि तीसुद्धा घरच्या अंगणात, करता येते असे सांगितले, तर मात्र पुष्कळांना नवल वाटेल.

होडी बांधणे हे मुळात कसबी सुताराचे काम. जाड फळी वाकवून शेजारच्या फळीला अशी भिडवावयाची, की मध्ये फट राहू नये. हे कौशल्य अंगी येण्यास वर्षे लागतात. सन १९६२ मध्ये इंग्लंडात जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनी ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी तयार केली, तेव्हा हौशी माणसालाही ही वाट मोकळी झाली. होल्ट हे नौकांचे आराखडे करणारे, तर बकनेल हे दूरचित्रवाणीवरून घरगुती सुतारकाम शिकविणारे. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवावयाचे आणि मग सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवावयाची, अशी ती युक्ती होती. पुढे अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या, आणि त्यांतील कितीतरी लोकांनी आपल्या घरीच बांधल्या.

शिवणीची कल्पना आपल्याला मात्र नवी नव्हे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवून जहाजे बांधण्याची रीत कित्येक शतके चालत आली. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील एका चित्रावरून ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज अलीकडे गोव्यात तसेच शिवून बांधण्यात आले. मे २०२५ मध्ये ते कारवार येथे नौदलात दाखल झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. दोहोंत एक भेद आहे. कौंडिण्याची शिवण जन्मभराची असते. प्लायवूडच्या होडीत तार केवळ तुकडे जागच्या जागी धरून ठेवते आणि खरा भार राळ उचलते.

आता पुण्यात अशी होडी करावयाची झाली तर काय लागेल? भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये आठ फूट लांब व चार फूट रुंद असे प्लायवूडचे तक्ते मिळतात. सहा मिलिमीटर जाडीचे दोन तक्ते लहान होडीस पुरतात. परंतु तक्त्यावर ‘आय. एस. ७१०’ हा भारतीय मानकाचा आकडा आहे की नाही, हे पाहूनच तो घ्यावा. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेली फळी. एका पापुद्र्याचे तंतू उभे, तर पुढच्याचे आडवे; त्यामुळे ती कोणत्याच बाजूने सहज उकलत नाही. मात्र पापुद्र्यांमधील सरस पाण्यात विरघळला, तर सगळे बळ व्यर्थ! पाण्यात न सुटणाऱ्या सरसाची हमी म्हणजे तो आकडा होय.

तक्त्याला करवत लावण्यापूर्वी पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती करावी. तळ, दोन बाजू, पुढची पाटी व मागची पाटी असे पाच तुकडे कापून चिकटपट्टीने जोडावे. सरळ दिसणाऱ्या बाजूची कड कापताना किंचित वक्र का ठेवावयाची, हे पुस्तकातील आकृतीपेक्षा या खेळण्यातून लवकर कळते. मग त्याच मापांच्या प्रमाणात लाकूड कापावयाचे. कडेपासून सुमारे एक सेंटिमीटरवर बारीक भोके पाडून, तांब्याच्या तारेचे टाके घालून ते पकडीने पिळले, की सपाट तुकडे वर उचलले जातात आणि तासाभरात अंगणात होडीचा आकार उभा राहतो.

यापुढचे काम धीराचे. आज सांध्यांसाठी इपॉक्सी राळ वापरतात. तिचे दोन भाग असतात : राळ आणि तिला कठीण करणारा द्रव, म्हणजे हार्डनर. दोन्ही एकत्र येताच त्यांचे कण एकमेकांशी जोडले जाऊन त्यांचे जाळे बनते. पंगतीत जितकी पाने तितकेच पाट हवेत, तसाच हा हिशेब असतो. लवकर घट्ट व्हावी म्हणून हार्डनर जास्त घातला, तर जोडीदार न मिळालेले कण तसेच उरतात आणि राळ मऊ राहते. म्हणून डब्यावर दिलेले प्रमाण काटेकोरपणे पाळावे.

या जोडणीत उष्णताही निर्माण होते. पुण्याच्या मे महिन्यात मोठा डबाभर राळ कालवून ठेवली, तर आतील उष्णतेला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही. डबा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि राळ पाहता पाहता दगडासारखी होते. तीच पसरट ताटलीत ओतली तर पुष्कळ वेळ कामास येते. डिसेंबरच्या थंडीत उलट तिला घट्ट होण्यास फार वेळ लागतो. पावसाळ्यात लाकूड दमट असते आणि राळेवर चिकट साय धरू शकते. ती पाण्याने धुऊन काढल्यावाचून दुसरा थर द्यावयाचा नाही. पुणेकराने हे काम फेब्रुवारीत काढावे, हे उत्तम.

राळेत लाकडाचा चाळलेला बारीक भुसा कालवून तो लगदा आतल्या कोपऱ्यांत गोलसर भरतात, वर काचतंतूंची पट्टी बसवितात आणि शेवटी सगळ्या लाकडाला राळेचा हात देतात. ती कातडीला बाधते; म्हणून हातमोजे हवेत, आणि घासताना तोंडाला फडकेही. हे काम मुलांनी वडीलधाऱ्यांच्या सोबतीनेच करावे.

अशा चिकटवणीवर जीव सोपवावा काय? गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी लाकडाच्या पट्ट्या, काचतंतू व इपॉक्सी यांची ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी नौका बांधली. तीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. कौंडिण्य बांधणारेही हेच दांडेकर.

आपली होडी किती बुडेल, हे आधीच काढता येते. होडी ३५ किलो, बसणारा मुलगा ४० किलो, वल्ही व सामान १० किलो, असे एकंदर ८५ किलो धरू. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तिला तितक्याच वजनाचे, म्हणजे ८५ लिटर, पाणी बाजूस सारावे लागेल. तळ १·७ चौरस मीटर असला, तर दर सेंटिमीटरला १७ लिटर पाणी सरते; म्हणजे होडी अवघी पाच सेंटिमीटर बुडेल! तरीही दोन्ही टोकांस हवाबंद पेट्या ठेवाव्या, म्हणजे होडी उलटली तरी तळास जात नाही.

येरवड्याजवळ जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५० च्या सुमारास बंधारा झाला आणि त्याने संगमापाशी पाणी साठून राहिले. मुळेच्या काठी जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा, बोट क्लब आहे. तेथील विद्यार्थी सपाट तळाच्या पंट नावाच्या होड्याही वल्हवितात. आपली होडी अशाच संथ पाण्यात, माहितगाराच्या देखरेखीखाली, तरंगजाकीट घालून सोडावयाची. धरणातून पाणी सोडले असताना मुळीच नाही.

पहिल्या दिवशी तर कोणीच आत बसावयाचे नाही. आतल्या सांध्यांवर खडूची पूड भुरभुरून, पाण्याने भरलेले डबे होडीत ठेवून, ती काठाशी दोराने बांधून तासभर सोडावी. जेथे पूड ओलसर होईल तेथे पेन्सिलीने खूण करावयाची, होडी घरी आणून पालथी वाळवावयाची आणि त्या जागी पुन्हा राळ भरावयाची.