अल्पकालीन पर्यटन निवास : गुंतवणूक, व्यवस्थापन आणि कोकणातील वास्तव

प्रस्तावना :

घर ही निवाऱ्याची वस्तू असतानाच ती उत्पन्नाचे साधनही असते. वर्षभराच्या करारावर भाडेकरू ठेवणे हा त्याचा जुना प्रकार होय. अलीकडच्या काळात मात्र पर्यटकांना एक-दोन रात्रींसाठी खोली देणे हा गुंतवणुकीचा स्वतंत्र मार्ग मानला जाऊ लागला आहे. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या एअरबीएनबी या कंपनीमुळे हा व्यवहार जगभर संगणकाच्या पडद्यावर आला. कोकणात तो त्यापूर्वीपासून परिचित आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याला १९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला परिसरातील अनेक कुटुंबांनी घरालगत एक-दोन खोल्या बांधून पर्यटकांची सोय केली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने या व्यवसायाला मान्यतेचे रूप दिले.

या व्यवसायातील नफा नेमका कशातून निर्माण होतो, त्याचे व्यवस्थापन कसे चालते आणि त्याचे सामाजिक परिणाम कोणते, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुंतवणुकीचे गणित :

दीर्घ मुदतीच्या भाड्यात उत्पन्न कमी परंतु निश्चित असते. अल्पकालीन भाड्यात दर जास्त असतो, पण रिकाम्या रात्रींचे ओझे मालकावर पडते. कोकणात हे ओझे विशेष जड आहे. दिवाळीची सुट्टी, नाताळ, हिवाळ्यातील शनिवार-रविवार आणि मे महिना हाच खरा हंगाम. पावसाळ्यात समुद्रातील जलक्रीडा बंद राहतात. गणेशोत्सवात गावे माणसांनी फुलतात, परंतु त्या वेळी मुंबईचे चाकरमानी आपापल्या घरी येतात आणि भाड्याची खोली घरच्याच माणसांनी भरते.

हे स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका कुटुंबाने १२ लाख रुपये खर्चून दोन खोल्या बांधल्या. प्रत्येक खोली वर्षात ११० रात्री २,००० रुपये दराने गेली. एकूण २२० रात्रींचे उत्पन्न ४,४०,००० रुपये होईल. त्यातून आरक्षण करून देणाऱ्या मध्यस्थाचे १५ टक्के, म्हणजे ६६,००० रुपये. धुलाई, स्वच्छता व न्याहारीचे प्रतिरात्र ५०० रुपयांप्रमाणे १,१०,००० रुपये. वीज-पाण्याचे ४०,००० रुपये आणि पावसाळ्यानंतरच्या डागडुजीचे ४०,००० रुपये वजा जाता १,८४,००० रुपये उरतात. भांडवलावर हे प्रमाण सुमारे १५ टक्के पडते. ते आकर्षक दिसते.

आता तोच मालक मुंबईत राहतो असे मानू. त्याला दरमहा १२,००० रुपये देऊन राखणदार ठेवावा लागेल. वर्षाचे १,४४,००० रुपये वजा होताच शिल्लक केवळ ४०,००० रुपये राहते. संपूर्ण रक्कम ९ टक्के व्याजाने कर्जाऊ घेतली असल्यास व्याजच १,०८,००० रुपये होते आणि व्यवहार ६८,००० रुपयांच्या तोट्यात जातो. दोन्ही खोल्या मिळून वर्षाला २७७ रात्री भरल्या, तरच त्याचा खर्च भागतो. त्याच कर्जावर, घरीच राहणाऱ्या कुटुंबाला १५७ रात्री पुरतात.

खोली तीच, दर तोच आणि पर्यटकही तेच. फरक केवळ घरात राबणाऱ्या माणसांचा आहे. याचा अर्थ असा की, स्थानिक कुटुंब ज्याला नफा म्हणते त्याचा मोठा भाग वस्तुतः घरच्या श्रमाची न दिलेली मजुरी असतो. चादरी धुणे, घावन-चटणी किंवा आंबोळ्या करणे, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यास जेवण वाढणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. हिशेबाच्या वहीत त्यांची नोंद नसते. नोंदणी व बँक खाते घरातील पुरुषाच्या नावे असल्यास श्रम एकीचे आणि उत्पन्न दुसऱ्याचे अशी स्थिती उद्भवते.

व्यवस्थापन व कायदेशीर चौकट :

पहिली अडचण मालकीची असते. कोकणातील अनेक घरांच्या व जमिनींच्या उताऱ्यावर चुलत्या-भावंडांची सामाईक नावे आढळतात. वाटणीपत्र किंवा सहहिस्सेदारांची संमती असल्याशिवाय बँकेचे कर्ज मिळणे कठीण जाते. खोल्या उत्पन्न देऊ लागल्यावर मात्र पूर्वी शांत असलेले हक्क जागे होतात. म्हणून बांधकामापूर्वीच लेखी व्यवस्था करणे हिताचे ठरते.

दुसरी बाब परवानगीची. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निवास व न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांची मर्यादा असून मालकाच्या कुटुंबाने त्याच घरात राहणे अपेक्षित आहे. २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने स्थानिक रहिवाशांना घरगुती निवासाची मुभा दिली. परंतु अस्तित्वातील घराचे जोते, रचना व दर्शनी भाग बदलू नये, ही अट घातली. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे. परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती २४ तासांत संबंधित यंत्रणेस ऑनलाइन कळवावी लागते.

तिसरी बाब कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा कमी असलेल्या मालकाला सामान्यतः नोंदणी करावी लागत नाही; मात्र आरक्षण ऑनलाइन मंचावरून झाल्यास तो कर मंचाने भरावयाचा असतो. तो अखेर पाहुण्याच्या देयकात येतो.

सामाजिक बाजू :

जेथे मालक घरात राहत नाही, तेथे निवासाची घरे हळूहळू व्यापारी मालमत्ता बनतात आणि स्थानिकांना भाड्याने घर मिळणे अवघड होते. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून अल्पकालीन भाड्यासाठी नोंदणीची व यजमानाने तेथेच राहण्याची अट कठोरपणे लागू केली. बार्सिलोनाच्या प्रशासनाने २०२४ मध्ये, पर्यटकांसाठीच्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा मनोदय जाहीर केला. कोकणातील प्रश्न त्या महानगरांएवढा तीव्र नाही. तथापि विहिरीचे पाणी, कचरा आणि सांडपाणी यांवरील ताण मे महिन्यातच सर्वाधिक असतो, आणि पाण्याची टंचाईही त्याच महिन्यात असते.

निष्कर्ष :

अल्पकालीन पर्यटन निवास ही निष्क्रिय गुंतवणूक नसून श्रमप्रधान व्यवसाय आहे. दूर राहणाऱ्या गुंतवणूकदारापेक्षा घरात राहणाऱ्या कुटुंबास तो अधिक परवडतो. परंतु हे परवडणे घरातील स्त्रियांच्या अनोंदित श्रमावर उभे असेल, तर त्यास नफा म्हणणे अपुरे ठरते. हिशेबात त्या श्रमाचे मोल धरणे, नोंदणी व खाते संयुक्त नावे करणे आणि पाण्याच्या उपलब्धतेनुसार खोल्यांची संख्या ठरवणे, या तीन गोष्टी झाल्यास हा व्यवसाय कुटुंबाला व गावाला दीर्घकाळ आधार देऊ शकेल. वाणिज्य, अर्थशास्त्र व गृहविज्ञान या विषयांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी असे एखादे घर अभ्यासण्यास दिल्यास, त्या न लिहिलेल्या वहीची पहिली पाने महाविद्यालयातच लिहिली जाऊ शकतील.