घंटा झाल्यावरची शाळा

“खेळ, नाटके, श्रमदान यांत मुलांचा अभ्यास बुडतो हो!” ही तक्रार शहरांतल्या घराघरांतून ऐकू येते. अभ्यास थोडा बुडतही असेल. पण त्या वेळात मूल काय शिकते, हेही पाहायला नको का?

श्रीवर्धन तालुक्यातले बोर्ली पंचतन घ्या. गाव नारळी-पोफळीच्या मुलखातले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या कितीतरी वाड्या आडव्या केल्या. पोफळीचे रोप लावले, तर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे इथल्या शाळेतल्या सातवीच्या मुलाने रोप लावून नेमाने पाणी घातले, तरी त्याची सुपारी वेचणार मागून येणारी मुले! या कामाला गुण नाहीत, बक्षीस नाही. पण आपण लावावे आणि फळ दुसऱ्याने घ्यावे, हे पाठांतराने थोडेच अंगी बाणते?

इथून दक्षिणेला, सावित्रीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात पालगड आहे. साने गुरुजींचे जन्मगाव. १९२४ ते १९३० या काळात ते अंमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तिथल्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढीत. अशा गुरुजींना स्वच्छतेवर वेगळे व्याख्यान कशाला द्यावे लागेल?

तेव्हा वडीलमंडळी, सहामाहीचे गुण पाहून झाले की मुलाला आणखी एक प्रश्न विचारा : “यंदा दुसऱ्यासाठी काय केलेस?” उत्तर आले नाही, तर त्याला रागावू नका. तशी संधी त्याला मिळवून देणे आपल्याच हाती आहे.