लहान शहराचं मत कसं विचारावं?

समजा, एका नगरपरिषदेच्या शहरात २५,००० माणसं राहतात. ‘इथलं राहणं कसं वाटतं?’ हे जाणायला किती जणांना विचारावं? सुमारे ३८०. वस्ती अडीच लाख असती तरी आकडा जेमतेम ३८४ होतो. यात गृहीत एवढंच, की निवड चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी झाली आणि पाच टक्क्यांची चूकभूल चालते.

घोडं पेंड खातं ते निवडीतच. एसटी स्टँडवर फॉर्म भरून घेतले, तर बाजाराला आलेली आसपासच्या खेड्यांतली माणसंच जास्त भेटतात. दुपारी घरोघर गेलं तर नोकरदार सापडत नाहीत. दार उघडणारी बाई ‘हे घरी नाहीत’ म्हणते आणि तिला काय वाटतं ते राहूनच जातं. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं उचलणं बरं, पण नव्याने आलेले भाडेकरू तिच्यात नसतात. रॉबर्ट आणि हेलन लिंड यांचा अमेरिकेतल्या मन्सी शहरावरचा ‘मिडलटाऊन’ हा १९२९चा अभ्यास खूप गाजला, पण तिथल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना त्यात जवळपास जागाच नव्हती.

लहान ठिकाणी आणखी एक पंचाईत: विचारणारा नगरसेवकाचा भाचा निघतो. मग ‘सगळं छान आहे’ हेच उत्तर येणार! त्यामुळे विचारणारे बाहेरचे असावेत आणि फॉर्मवर नाव नसावं. ‘पाणीपुरवठ्याबद्दल समाधानी आहात का?’ यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात नळाला किती दिवस पाणी आलं?’ हा प्रश्न कितीतरी उपयोगाचा.