चतुर्थीच्या आधीचा दिवस

पहाटे पाच. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या सुरूबनावर पाऊस धरून आहे. गणपतीच्या कारखान्यात शिरलो की आधी मूर्तीच्या पाठीवर हात ठेवून बघायचं. थंड लागली तर मूर्ती आतून ओली. शाडू गुजरातेतून येतो, त्याला आमची खारी हवा सोसत नाही. रात्रभर पंखे चालू असतात.

आठ. पीतांबर, शेला, मुकुट. हे काम पुतण्याकडे.

दहा. डोळ्यांची आखणी. दार लोटून घेतो, या वेळी बोलणं नाही. मूर्ती चौरंगावर बसते, घरची माणसं खाली पाटावर. म्हणून बुबुळ किंचित खाली झुकवायचं. सरळ काढलं तर देव कुणाच्या तरी डोक्यावरून भिंतीकडे बघतो. प्राणप्रतिष्ठा गुरुजी करतील, मंत्र त्यांचे. पण खाली बसलेल्या माणसाला ‘हा माझ्याकडे बघतोय’ असं वाटणं कुंचल्याच्या टोकावर ठरतं. मला यात देवाचं काही कमी झालेलं दिसत नाही. माणसाला आपल्याकडे बघणारं कुणी हवं असतं, ही गरज मी इथेच ओळखली.

एक. वरण-भात. पुन्हा आखणी.

चार. लोक पाट घेऊन येऊ लागतात. खाली खडूने आडनाव, वर विडा-नारळ. टिळक रत्नागिरीत जन्मले, त्यांच्यामुळे १८९३ पासून उत्सव सार्वजनिक झाला, तरी कोकणात गणपती घरचाच राहिला. उंची ठरलेली, रंग ठरलेला. एक ताई मूर्तीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. “बाबा मे महिन्यात गेले, दादा. चेहरा तोच आलाय ना?” तोच होता. सगळं बदललेल्या घरात एक चेहरा तसाच यावा, एवढंच त्यांचं मागणं. नवं काही घडवण्याची हौस माझ्यातही आहे, पण या मागण्यापुढे मी ती आनंदाने बाजूला ठेवतो.

रात्री नऊ. पुतण्या विचारतो, “काका, मखरात पाठ कुणाला दिसते? शेल्याच्या चुण्या मागून कशाला?”

मी त्याला विसर्जनाचं सांगितलं. भाट्याच्या किनाऱ्यावर आरती होते, मूर्ती उचलून लाटांत नेतात, आणि वाळूत उभ्या राहिलेल्या घरच्यांना शेवटी तिची पाठच दिसते. त्याने कुंचला पुन्हा सोनेरी रंगात बुडवला.