वर्षावनातील वाटा

मुंबईत ग्रँट रोडजवळ विद्युत उपकरणांच्या दुकानांनी सदैव गजबजलेला एक रस्ता आहे. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी लोकांच्या तोंडी 'लॅमिंग्टन रोड' हेच नाव रुळलेले आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून ते पडले. मुंबईस येण्यापूर्वी हेच गृहस्थ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. तेथेही त्यांचे नाव मागे राहिले आहे. मात्र ते रस्त्याला नव्हे, तर एका अरण्याला दिलेले आहे. त्या अरण्यातही रस्ते आहेत, पण ते केवळ पायी चालण्याचे.

क्वीन्सलँडच्या आग्नेय टोकाला 'गोल्ड कोस्ट' हे समुद्रकिनाऱ्यावरील शहर वसले आहे. किनाऱ्यावर उंच इमारतींची रांग आणि पर्यटकांची वर्दळ. परंतु त्यांच्याकडे पाठ करून तासाभराचा प्रवास केला, की हिरव्या डोंगरांचा पृष्ठप्रदेश लागतो. लॅमिंग्टन आणि स्प्रिंगब्रुक ही दोन राष्ट्रीय उद्याने याच प्रदेशात आहेत. इंग्रज वसाहतवाले येण्यापूर्वी हजारो वर्षे युगम्बेह या आदिवासी लोकांचा येथे वावर होता आणि आजही ते या भूमीशी आपले नाते सांगतात.

या डोंगरांचा जन्म अग्नीतून झाला. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी येथे एक प्रचंड ज्वालामुखी जागृत होता. त्याच्या लाव्हारसाचे थरावर थर साचले. पुढे ज्वालामुखी थंडावला आणि पावसाने व नद्यांनी त्याचा मधला भाग कोरून काढला. मध्यभागी उरला तो वोलुम्बिन अथवा माउंट वॉर्निंग हा सुळका, आणि सभोवती उरली कड्यांची कडा. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या कड्यांना अडतात आणि भरपूर पाऊस देतात. सुपीक माती व मुबलक पाणी यांच्या आधाराने येथे वर्षावन वाढले.

या वनाचा वंश मात्र डोंगरांहूनही प्राचीन आहे. एके काळी ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि भारत हे सर्व एकाच विशाल भूखंडाचे भाग होते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी तो भूखंड फुटू लागला. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले 'गोंडवन'. आणि हे नाव घेतले मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून. येथील 'अंटार्क्टिक बीच' हा वृक्ष त्या प्राचीन भूखंडावरील वृक्षांचा वंशज होय. म्हणूनच जागतिक वारसा यादीत या परिसरातील वनांना 'गोंडवन वर्षावने' असे नाव आहे. १९८६ मध्ये या वारशाची नोंद झाली आणि १९९४ मध्ये क्वीन्सलँडमधील वनांचा त्यात समावेश करण्यात आला.

वनात पाऊल टाकताच पहिला फरक जाणवतो तो प्रकाशाचा. उंच वृक्षांच्या शेंड्यांचे छत इतके दाट असते, की भर दुपारीही खाली संध्याकाळ वाटते. हवा गार आणि ओलसर असते. महाकाय वृक्षांच्या बुंध्यांना आधार देणारी मुळे फळ्यांसारखी उभी पसरलेली दिसतात. वडाच्या कुळातील एक झाड तर दुसऱ्या झाडाच्या फांदीवर जन्म घेते. पक्ष्याने टाकलेले बी तेथे रुजते, मुळे हळूहळू जमिनीपर्यंत उतरतात आणि कालांतराने आश्रय देणाऱ्या वृक्षालाच वेढून टाकतात. नेचे आणि आमरी खोडांवर वाढतात. पालापाचोळा उकरत फिरणारा लायरबर्ड हा पक्षी इतर पक्ष्यांच्या आवाजाची इतकी हुबेहूब नक्कल करतो, की ऐकणारा फसतो.

पाणी येथे सतत सोबत करते. लाव्हारसाच्या कठीण थरांवरून वाहणारे ओढे कड्यापाशी येताच खाली झेपावतात. सह्याद्रीचे कातळही लाव्हारसाचेच असल्याने पावसाळ्यातील घाट पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटावे. स्प्रिंगब्रुकमधील पर्लिंग ब्रुक धबधबा सुमारे १०० मीटर उंचीवरून कोसळतो. सुमारे चार किलोमीटरची एक वाट त्याच्या माथ्यावरून निघून पायथ्याशी उतरते आणि पुन्हा वर येते. दुसऱ्या एका ठिकाणी ओढ्याने गुहेच्या छतालाच भोक पाडले असून पाणी त्यातून गुहेत पडते. त्या स्थळाला 'नॅचरल ब्रिज', म्हणजे निसर्गनिर्मित पूल, असे म्हणतात. रात्री त्या गुहेच्या छतावर निळसर-हिरवे ठिपके चमकू लागतात. एका लहान माशीच्या अळ्यांचा हा प्रकाश असतो. त्या चिकट धागे खाली सोडतात आणि प्रकाशाला भुललेले कीटक त्यांत अडकतात. विजेरीचा झोत अळ्यांवर पडला, तर त्या आपला प्रकाश मंद करतात. पाहणाऱ्याने अंधार पाळला, तरच त्याला काही दिसते.

कड्यांच्या टोकांवर निरीक्षणस्थळे आहेत. महाबळेश्वरी ज्यांना 'पॉइंट' म्हणतात, तशीच ही स्थळे. स्प्रिंगब्रुकच्या एका स्थळाचे नावच 'बेस्ट ऑफ ऑल', म्हणजे 'सर्वांत उत्तम', असे आहे. जुन्या अंटार्क्टिक बीच वृक्षांमधून जाणारी छोटी वाट तेथे पोहोचवते. धुके असेल, तर हात पुढे केला तरी दिसत नाही. धुके विरले, की वोलुम्बिनचा सुळका समोर उभा राहतो.

उंचावरून पाहण्याचे मोल एका प्रसंगाने साऱ्या देशाला कळले. १९ फेब्रुवारी १९३७ रोजी ब्रिस्बेनहून सिडनीकडे निघालेले 'स्टिन्सन' जातीचे विमान नाहीसे झाले. शोध घेणारे ते दूर दक्षिणेकडे शोधत राहिले. लॅमिंग्टनच्या पठारावर राहणारे बर्नार्ड ओ'रायली यांना मात्र ते याच डोंगरात पडले असावे असे वाटले. ते एकटेच अरण्यात शिरले. एका उंच जागेवरून त्यांना दूरच्या हिरव्या उतारावर एक करपलेले झाड दिसले. वाट नसलेल्या दाट रानातून ते त्या दिशेने चालत गेले आणि अपघातानंतर दहाव्या दिवशी विमानाच्या अवशेषांपाशी दोन माणसे जिवंत सापडली. तिसरा प्रवासीही अपघातातून वाचला होता; परंतु मदत आणण्यासाठी निघाला असता तो कड्यावरून पडला आणि मृत्यू पावला. अरण्याची भव्यता आणि त्याची निष्ठुरता ही एकाच जागी नांदतात, हे त्या घटनेने दाखवून दिले.

हे अरण्य आज उभे आहे, ते मात्र आपोआप नव्हे. एकोणिसाव्या शतकात येथील मौल्यवान लाकडासाठी सर्रास वृक्षतोड चालली होती. रॉबर्ट कॉलिन्स या पशुपालकाने अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानाची कल्पना जाणून घेतली आणि हे पठार राखून ठेवण्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे काम रोमिओ लेही या तरुणाने पुढे नेले. विशेष म्हणजे लेही हे लाकूड गिरणीमालकाचे पुत्र होते. ज्या वृक्षांवर घरचा व्यवसाय चालत होता, ते वृक्ष वाचावेत म्हणून त्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या सह्या मिळवल्या. अखेर १९१५ मध्ये लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

पुढे १९३० च्या दशकातील आर्थिक मंदीत बेरोजगारांना काम मिळावे म्हणून वनात पायवाटा बांधण्यात आल्या. अभियंता असलेल्या लेहींचा आग्रह असा, की वाटेचा चढ सौम्य असावा. ती डोंगराला वळसे घालत जावी. त्यामुळे चालणाऱ्याला फारसा दम लागत नाही आणि पावसाचे पाणी माती वाहून नेत नाही. लॅमिंग्टनमधील वाटांची एकूण लांबी आज दीडशे किलोमीटरहून अधिक आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये दीर्घ दुष्काळानंतर या परिसरात वणवा पेटला. बिना बुरा येथील १९३३ पासूनचे पर्यटक निवासस्थान त्यात जळाले आणि आग वर्षावनाच्या कडांतही शिरली. निलगिरीची झाडे जळल्यावर पुन्हा फुटतात. वर्षावनातील बहुतेक वृक्षांना ती शक्ती नसते. ओलावा हेच त्यांचे कवच आहे. ते कवच सुकले, तर कोट्यवधी वर्षे टिकलेला वंशही असुरक्षित होतो. मार्च २०२५ मधील 'अल्फ्रेड' चक्रीवादळाच्या अतिवृष्टीने दरडी कोसळल्या आणि अनेक वाटा बंद कराव्या लागल्या.

म्हणूनच येथे चालणाऱ्यांसाठी नियम आहेत: वाट सोडू नये, रोप उपटू नये, कचरा मागे ठेवू नये, अंधार पडण्यापूर्वी परतावे. वाट चालणाऱ्याला अरण्यात भरकटू देत नाही. पण ती अरण्यालाही चालणाऱ्यापासून राखते, कारण हजारो पावले एकाच अरुंद पट्ट्यावरून जातात आणि दोन्ही बाजूंची भूमी अस्पर्श राहते. लाकूड गिरणीमालकाच्या मुलाने आखलेल्या त्या वाटेवर आजही रोज पावले उमटतात आणि वाटेच्या कडेला बीचचे जुने वृक्ष उभे आहेत.